नव्या कुंपणाला रंग, तेल की काहीच नको?

प्रश्न

एका वाचक ताईंचं पत्र आहे. घरामागच्या बागेला त्यांच्या नवऱ्याने सुट्टीचे दिवस खर्ची घालून स्वतःच्या हाताने लाकडी कुंपण घातलं. 20 मिलिमीटर जाडीच्या, रंधा न मारलेल्या उभ्या फळ्या, दर 2 मीटरवर एक असे 13 खांब, उंची दीड मीटर, एकूण लांबी 24 मीटर. काम पुरं होऊन 5 आठवडे झाले. आता त्यावर शेवटचा हात कशाचा द्यायचा यावर घरात एकमत होत नाही. ताईंना पांढराशुभ्र, चकचकीत तेलरंग हवा आहे आणि त्याचे डबे त्यांनी आणूनही ठेवलेत. नवऱ्याला लाकूड आहे तसंच ठेवायचं आहे. ‘रंगच फासायचा होता तर एवढं चांगलं लाकूड कशाला निवडलं?’ असं त्यांचं म्हणणं. सासरे वॉर्निश सुचवतात. त्यात शेजारच्या काकूंनी सांगितलंय की तुमच्या बाजूने हवं ते करा, आमच्या बाजूला रंग नको. ताई लिहितात: ‘उघडं ठेवलं तर 2 वर्षांत कुजेल अशी मला भीती वाटते. मला हे एकदाच करून मोकळं व्हायचं आहे. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवसभर ते मलाच बघायचं आहे. मी हट्ट सोडावा का?’

उत्तर

ताई,

हट्ट सोडू नका. जे दिवसभर डोळ्यांसमोर राहणार त्याबद्दल मत असणं हा हट्टीपणा नव्हेच. पण तुमच्या पत्रात तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे: कुजण्याची भीती, एकदाच करून मोकळं होण्याची इच्छा आणि पांढऱ्या रंगाची आवड. या तिन्हींवर एकच उपाय आहे आणि तो तुम्ही आणलेल्या डब्यांत आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तिथेच घोळ वाटतो. म्हणून या तिन्ही गोष्टी सुट्या करून बघू.

आधी भीती. उघड्यावरचं लाकूड काही महिन्यांत करडं पडायला लागतं, आणि करडं पडलेली फळी दिसली की ती गेली, कुजली असं वाटतं. प्रत्यक्षात करडं पडणं वेगळं आणि कुजणं वेगळं. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो वरच्या वर तुटतो, पाऊस त्याला धुऊन नेतो आणि मागे फिकट, रुपेरी तंतू उरतात. हे सगळं अगदी वरच्या पातळ थरात चालतं. मऊ जातीचं लाकूड उन्हापावसाने झिजण्याचा वेग 100 वर्षांत साधारण 6 मिलिमीटर धरतात. तुमच्या फळ्या 20 मिलिमीटरच्या आहेत. म्हणजे नुसत्या करडेपणाने तुमच्या हयातीत त्यांचं काही बिघडत नाही.

कुजवते ती बुरशी, आणि तिला सतत ओल लागते. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर ही बुरशी मूळ धरू शकत नाही. उभी फळी पावसात भिजते, पण पाणी तिच्यावरून निथळून जातं आणि दोन्ही बाजूंनी वारा लागला की ती वाळते. धोका असतो तो पाणी जिथे मुक्काम करतं तिथे. आज संध्याकाळी नवऱ्याला घेऊन कुंपणाच्या कडेने एक फेरी मारा आणि या जागा बघा. खांब जमिनीत शिरतो तिथून खाली वीतभर, जिथे ओलही आहे आणि हवाही. खांबाचा माथा आणि प्रत्येक फळीचं वरचं कापलेलं टोक. लाकडाच्या नळ्या त्या टोकाशी उघड्या पडलेल्या असतात, म्हणून फळीच्या सपाट अंगापेक्षा ते टोक कितीतरी पटींनी जास्त पाणी पितं. आडव्या पट्ट्यांची वरची कड, जिथे पाणी थांबतं. आणि फळीचं खालचं टोक मातीला टेकलं असेल तर ती जागा.

यातल्या एकाही जागेचा प्रश्न पांढऱ्या रंगाने सुटत नाही, आणि तेलाने किंवा वॉर्निशनेही सुटत नाही. तो कामाने सुटतो. फळ्यांखाली 5 सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, माती चढली असेल तर ओढून काढा. खांबाभोवती काँक्रीट असेल तर त्याचा वरचा भाग खांबापासून बाहेरच्या बाजूला उतरता हवा. मधे खळगा राहिला तर तो सिमेंटने भरून उतार काढा. खांबांचे माथे तिरके कापा किंवा त्यांना लाकडाची वा पत्र्याची टोपी बसवा. सगळ्या कापलेल्या टोकांना लाकूड टिकवणारं द्रावण पाजा, आणि हो, पाजा असंच म्हणते, कारण एक हात लगेच शोषला जातो. तो जिरला की दुसरा द्यायचा, मग तिसरा. 13 खांब आणि फळ्यांची वरची टोकं मिळून हे एका सकाळचं काम आहे. कुंपण किती वर्षं उभं राहील हे याच सकाळवर ठरतं. वरून कुठला रंग देता याला त्यात फार थोडं महत्त्व आहे.

तेवढ्यात खिळे आणि स्क्रूसुद्धा बघून घ्या. साध्या लोखंडाचे असतील तर त्यांच्याखाली फळीवर काळे ओघळ दिसायला लागले असतील. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की असं होतं. शिवाय दाब देऊन औषध मुरवलेलं लाकूड असेल तर त्यातल्या तांब्याच्या क्षारांमुळे साधा खिळा लवकर गंजतो. जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच हवेत. आत्ता बदलणं सोपं आहे, वरून रंग बसल्यावर नाही.

आता दुसरी गोष्ट, एकदाच करून मोकळं होणं. ताई, ही इच्छा मी खूप पत्रांत वाचते आणि मला ती मनापासून समजते. पण उघड्यावरच्या लाकडाला एकदाच काही करून सुटका होईल असा एकच मार्ग आहे: त्याला काहीच न करणं. बाकी जे काही द्याल ते ऊन आणि पाऊस मिळून कधी ना कधी उतरवणारच. म्हणून डबा निवडताना पहिल्या दिवशी कुंपण कसं दिसेल हे मी शेवटी बघते. आधी बघते की हा थर बिघडेल तेव्हा कसा बिघडेल आणि त्या दिवशी माझ्या हाती कोणतं काम येईल.

हे मी एका कुंपणाच्या किमतीवर शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझ्या बागेच्या नव्या कुंपणाला घाईघाईने चकचकीत तेलरंगाचे दोन हात दिले. लाकूड आतून ओलं होतं, मला ते कळलं नाही. दोन वर्षं कुंपण आरशासारखं दिसलं. तिसऱ्या वर्षी, मोठा पाऊस होऊन गेल्यावर, एका फळीवर गुडघ्याच्या उंचीला रुपयाएवढा फुगा दिसला. अंगठ्याने दाबला तर मऊ लागला, नख लावलं तर फुटला आणि आतून पाण्याची बारीक धार मनगटावर आली. रंगाखालचं लाकूड काळपट पडलं होतं, पिळलेल्या कापडासारखं ओलं होतं आणि त्याला कुबट वास येत होता. पुढच्या काही महिन्यांत सगळीकडे पोपडे निघाले. वरून नवा रंग देता येईना, कारण सुटत चाललेल्या थरावर दिलेला रंग त्या थराबरोबरच सुटतो. एकेक फळी पत्रीने खरवडून काढावी लागली. एका खांबाला एक अख्खी सकाळ गेली. वाईट याचं वाटलं की रंगाने लाकूड वाचवलं तर नव्हतंच, उलट आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडू दिलं नव्हतं.

तेलरंग असो, वॉर्निश असो, दोन्ही लाकडाच्या अंगावर एक कातडं तयार करतात. लाकूड ओलीने फुगतं, उन्हात आकसतं, वर्षानुवर्षं हेच चालू असतं. तेलरंगाचं कातडं जुनं होत जातं तसं कडक होतं. मग ते फळीच्या कडेला, गाठीपाशी, खिळ्याच्या डोक्याशी तडकतं, त्या बारीक चिरेतून पाणी आत जातं आणि अडकतं. बाहेरच्या कामासाठीचे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग याबाबतीत बरे. ते जास्त लवचीक राहतात आणि लाकडातली वाफ थोडीफार बाहेर जाऊ देतात. पण तेही सुटतात तेव्हा पोपड्यांनीच सुटतात.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि वॉर्निश घरातल्या कपाटासाठी ठेवा असंही. कुंपणाला मी ते सुचवणार नाही. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं आणि थराखालचं लिग्निन तोडत राहतं. मग वॉर्निश धड असलं तरी ज्या लाकडाला ते धरून आहे तेच खालून सुटतं. पिवळट पापुद्रे लोंबू लागतात, तेही बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांतच.

दुसरी जात लाकडात मुरणाऱ्या लेपांची: तेलं, आणि ज्याला दुकानात वुड स्टेन म्हणतात तो. हे वर कातडं धरत नाहीत, तंतूंमध्ये शिरतात. त्यांचा शेवट हळूहळू येतो. रंग फिका पडतो, पाणी पूर्वीसारखं मोत्यासारखं उभं राहत नाही, फळी कोरडी दिसायला लागते. मग काय करायचं? ताठ ब्रशने धूळ आणि शेवाळ झाडायचं, धुवायचं, वाळू द्यायचं आणि पुन्हा एक हात द्यायचा. खरवडणं नाही. हे काम दर 2-3 वर्षांनी येतं. तुमच्या फळ्या रंधा न मारलेल्या, खडबडीत आहेत ही इथे जमेची बाजू. त्या लेप जास्त पितात आणि म्हणून तो गुळगुळीत फळीपेक्षा जास्त टिकतो.

स्वीडनमधल्या लाकडी घरांचा गडद तांबडा रंग तुम्ही चित्रांत पाहिला असेल. फालुन इथल्या तांब्याच्या खाणीतून निघालेल्या मातीतलं लोहाचं रंगद्रव्य, पिठाची खळ, पाणी आणि जवसाचं तेल यांचा तो रंग. खाण 1992 साली बंद झाली, रंग अजून तयार होतो. त्याची मला आवडणारी गोष्ट अशी की तो घट्ट कातडं धरत नाही, पोपडे न निघता भुकटीसारखा झिजत जातो. लोक सुटी भुकटी झाडतात आणि वरून नवा हात देतात. कितीतरी पिढ्यांनी असं करून घरं राखली आहेत.

आता तिसरी गोष्ट, पांढरा रंग, आणि इथे मी तुमच्या बाजूने बरंच बोलणार आहे. पांढऱ्यातलं रंगद्रव्य अतिनील किरणांना चांगलं अडवतं. पांढरी फळी उन्हात गडद फळीपेक्षा खूप कमी तापते, म्हणून कमी वाकते आणि तिच्या गाठींतून राळही कमी पाझरते. छोट्या बागेत पांढऱ्यामुळे उजेड वाढतो. खिडकी सावलीच्या बाजूला असेल तर हे छोटं सुख नव्हे.

पण दुसरी बाजूही बघा. पांढरं कुंपण नजर अडवतं. डोळा आधी त्याच्यावर जातो, मग झाडांवर. गडद किंवा मातकट रंगाचं कुंपण मागे सरतं आणि हिरवं पुढे येतं. तुम्हाला खिडकीतून कुंपण बघायचं आहे की बाग, हे स्वतःला खरंच विचारा. उत्तर ‘कुंपण’ असं आलं तरी त्यात काही चूक नाही. शिवाय पावसाने उडणारा चिखल, सावलीतलं हिरवं शेवाळ, गाठींतून उतरणारे तपकिरी डाग, हे सगळं पांढऱ्यावरच सर्वात जास्त दिसतं. खालची वीतभर पट्टी दरवर्षी धुवावी लागेल. ते धुणं कोण करणार हे आजच ठरवून घ्या, नाहीतर ते तुमच्याच वाट्याला येईल.

तुमच्या पत्रात खरा निकाल मात्र काकूंनी दिलाय असं मला वाटतं, आणि त्याकडे तुम्ही नुसती अडचण म्हणून बघता आहात. कातडं धरणारा रंग फक्त एकाच बाजूने दिला तर मागची उघडी बाजू पाणी पीत राहते. ते पाणी फळीतून आरपार येतं आणि पुढच्या रंगाला मागून ढकलतं. दोन्ही बाजू सारख्या फुगत-आकसत नसल्याने फळीला बाकही येतो. म्हणजे काकू त्यांच्या बाजूला रंग नको म्हणत असतील तर तुमच्या बाजूचा तेलरंग जेमतेम टिकणार. मुरणाऱ्या लेपाचं तसं नाही. तो दोन्ही बाजूंना दिलेला केव्हाही चांगला, पण एका बाजूला दिला तरी पोपडे निघण्याचा प्रश्न येत नाही.

मग काकूंशी बोला, पण ‘तुमच्या बाजूलाही देऊ का?’ असं विचारायला जाऊ नका, त्यावर त्या नाहीच म्हणतील. त्यांना काय नको आहे ते विचारा. पांढरा रंग नको? वास नको? त्यांच्या झाडांवर थेंब पडायला नकोत? की न विचारता परस्पर ठरवलं हे लागलंय? लोक ‘रंग नको’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा शेवटचं कारण खरं असतं. त्यांच्या बाजूला रंग नसलेलं, पाणी न धरू देणारं द्रावण चालेल का बघा. तेही नको म्हणाल्या तर तो त्यांचा अधिकार आहे. तुमच्या बाजूने ब्रश मारतानासुद्धा फटींतून ओघळ पलीकडे जातात. तेव्हा मागे जुनं कापड किंवा पुठ्ठा धरायला त्यांच्या परवानगीने कुणालातरी तिकडे उभं करा. आणि कुंपण नेमकं कुणाच्या हद्दीत आहे, कागदांवर त्याबद्दल काय लिहिलंय, हे बघितलं नसेल तर ब्रश उचलण्याआधी बघा. जागोजागचे नियम वेगळे असतात. सामाईक कुंपण असेल तर दोघांचा होकार लेखी असलेला बरा.

नवऱ्याबद्दल. त्यांचं वाक्य मी दोनदा वाचलं. ते लाकडाबद्दल बोलत आहेत, पण मला त्यात त्यांनी घातलेले सुट्टीचे दिवसही ऐकू येतात. स्वतः मापून कापलेली फळी पांढऱ्या रंगाखाली गेली की आपलं काम झाकलं गेलं असं वाटणं साहजिक आहे. हे आधी मान्य करून मग रंगाचं बोलणं काढा. पण त्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा: ‘आहे तसं’ म्हणजे नेमकं कसं? आजचा मधासारखा रंग त्यांना आवडतोय का? तो राहणार नाही. वर्षभरात तो करडा होईल, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. उघड्या बाजूला रुपेरी, वेलीच्या आड तपकिरी, सावलीत हिरवट. तो करडेपणा त्यांना आवडत असेल तर काहीच न करणं हा पूर्ण विचाराअंती घेतलेला निर्णय ठरतो. मी वर सांगितलेली टोकांची आणि खांबांची कामं केलीत तर त्यात धोकाही नाही. पण आजचा मधाळ रंग टिकवायचा असेल तर त्यांनाही काहीतरी लावावं लागेल, आणि ते रंगद्रव्य असलेलंच लावावं लागेल. बिनरंगी तेल पाणी अडवतं, ऊन जवळजवळ अडवत नाही.

म्हणजे तुम्ही, ते आणि सासरे, तिघांच्याही डोळ्यांसमोर कुंपणाचा पहिलाच दिवस आहे. पाचव्या वर्षाचं कुंपण तिघांनी मिळून डोळ्यांसमोर आणा, भांडणातली अर्धी धार जाईल.

माझं मत विचाराल तर: मुरणारा, रंगद्रव्य असलेला, फिकट रंगाचा स्टेन. पांढुरका किंवा दुधाळ करडा घ्या, ज्यातून लाकडाच्या रेषा आणि गाठी दिसत राहतील. तुम्हाला उजेड मिळेल, त्यांना लाकूड दिसेल, आणि 3 वर्षांनी कुणाला खरवडत बसावं लागणार नाही. अगदी शुभ्र पांढराच हवा असेल तर दाट, अपारदर्शक स्टेन मिळतो. पण तो जितका दाट तितका रंगासारखा वागतो, थर चढत गेले तर त्याचेही पोपडे निघू शकतात. तिथे एका वेळी पातळ हातच द्या. आणलेले डबे उघडले नसतील तर दुकानात परत घेतात का विचारा. नाही घेतले तर बागेचं फाटक किंवा बाक त्याने रंगवा. छोटी, रंधा मारलेली, पूर्ण वाळलेली वस्तू सगळ्या बाजूंनी रंगवता येते, आणि तिथे चकचकीत पांढरा छान शोभतो.

पण डबा घेण्याआधी नमुना बघा. उरलेल्या फळीचे हातभर लांब तीन तुकडे घ्या. एकावर फिकट स्टेन, एकावर तुमचा पांढरा, एक कोरा. खिडकीसमोर कुंपणालाच टांगा आणि पंधरा दिवस बघा: सकाळच्या उन्हात, ढगाळ दुपारी, पाऊस पडून गेल्यावर. दुकानातल्या कार्डावरचा बोटभर चौकोन आणि खडबडीत फळीवर मुरलेला रंग यात इतका फरक असतो की मी आता कार्डावरून ठरवतच नाही.

याच पंधरवड्यात लाकूड वाळलंय का तेही कळेल. फळीवर वेगवेगळ्या ठिकाणी पाण्याचे थेंब टाका. काही मिनिटांत जिरले तर ती लेप घ्यायला तयार आहे. मण्यासारखे वर बसून राहिले तर आत अजून ओल आहे, किंवा कारखान्यात दिलेलं द्रावण पाणी अडवतंय. मग थांबा. दाब देऊन औषध मुरवलेलं लाकूड वाळायला काही आठवड्यांपासून काही महिनेही लागतात. मात्र थांबण्याचीही किंमत आहे: उन्हात उघडी राहिलेली फळी वरून सैल तंतूंची होते आणि लेप नीट धरत नाही. तुमचे 5 आठवडे झालेच आहेत, तेव्हा लावण्याआधी 60 किंवा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा आणि धूळ झाडून घ्या. तोंडाला मास्क हवाच, औषध मुरवलेल्या लाकडाची भुकटी श्वासात जायला नको. त्याच लाकडाचे तुकडे कधी शेकोटीतही टाकू नका.

लावायचा दिवस कोरडा हवा, फार गरम नको. सकाळचं दव पूर्ण उडू द्या. भर उन्हातल्या फळीवर लावू नका, लेप आत शिरण्याआधीच वर सुकतो. सावली सरकेल तसे तुम्ही सरका. एक फळी धरली की वरून खालपर्यंत पूर्ण करा, मधे सोडली तर जोडाची रेषा कायम दिसते. ब्रशनेच लावा. फवारा सोपा वाटतो, पण तो लेप वरवर बसवतो आणि वाऱ्यावर काकूंच्या झाडांपर्यंत नेतो. तुमची एक बाजू 36 चौरस मीटर आहे. खडबडीत फळीवर लिटरमागे 4 ते 5 चौरस मीटरच होतात असं धरा, म्हणजे एका हाताला 8-9 लिटर. डब्यावरचा आकडा बहुधा गुळगुळीत लाकडाचा असतो, त्यावर विसंबलात तर अर्ध्यात संपेल. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, डब्याडब्यात छटेचा फरक असतो. वर उरलेला लेप पंधरा-वीस मिनिटांनी चिंधीने पुसून काढा, नाहीतर चिकट राहतो.

आणि त्या चिंध्या, ताई, कृपा करून बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल किंवा तसं सुकणारं तेल हवेतला प्राणवायू घेत सुकतं आणि सुकताना तापतं. बोळ्यात ती उष्णता अडकते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. कुणी काडी लावायची गरज नसते. प्रत्येक चिंधी बाहेर दोरीवर एकेरी पसरून कडकडीत वाळू द्या, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. घरातल्या सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा.

इतर वाचकांपैकी कुणाकडे आधीच रंगवलेलं कुंपण असेल तर वरचा स्टेनचा सल्ला तसाच उचलू नका. रंगाच्या कातड्यातून स्टेन आत जात नाही. सुटलेला रंग काढून, कडा घासून, उघड्या पडलेल्या जागी प्रायमर देऊन पुन्हा बाहेरच्या कामाचा रंगच द्यावा लागतो. कुंपण खूप जुनं असेल तर त्यावरच्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. आणि वेल चढवायचा असेल तर तो थेट फळ्यांवर सोडू नका. चार बोटं अंतर ठेवून वेगळी जाळी लावा, जी खालून सोडवून वेलासकट पुढे झुकवता येईल. वेलाच्या आडची फळी वाळत नाही, आणि पुन्हा लेप द्यायची वेळ आली की वेल कापायचा की कुंपण तसंच सोडायचं असा पेच पडतो.

तुमच्यासाठी क्रम असा: आज ती फेरी, या सुट्टीला खांबांचे माथे आणि टोकं, त्याच दिवशी तीन तुकडे टांगणं. तुकडे टांगले की काकूंना खिडकीशी बोलवा आणि तुमच्याकडून ते कसे दिसतात ते दाखवा. मग त्यांच्या अंगणात जाऊन पलीकडून कुंपण कसं दिसतं ते तुम्हीही एकदा बघून या. पंधरा दिवसांनी तिन्ही तुकड्यांचं काय झालं ते मला कळवा, विशेषतः नवऱ्याने कोणता उचलला ते.